परत वापरायचं रॉकेट: उतरवल्यावर पुढे काय? (एनजीएलव्हीच्या निमित्ताने)

वेगवेडा

नमस्कार मंडळी. इस्रोच्या एनजीएलव्हीच्या, म्हणजे पुढच्या पिढीच्या नव्या रॉकेटच्या, बातम्या आल्यापासून जो तो एकच बोलतोय, पहिला टप्पा (रॉकेटचा खालचा मोठा भाग) परत उतरवता आला की झालं, मग उड्डाण स्वस्त. मला हे पटत नाही, म्हणून इथल्या जाणकारांशी बोलायला धागा काढला. परत उतरवणं अवघड आहेच, पण पैसा वाचतो की नाही हे ठरतं उतरल्यानंतर. पुढच्या उड्डाणापर्यंत त्या यंत्राला किती माणसांचे किती तास लागतात त्यावर सगळा खेळ आहे, आणि ते डिझाइनच्या पहिल्या कागदावरच ठरतं, मागाहून कितीही पैसा ओतला तरी फारसं बदलत नाही.

सगळ्यात मोठा दाखला स्पेस शटलचा. सुरुवातीला सांगितलेलं की परत आल्यावर १६० तासांत पुन्हा तयार, वर्षाला पन्नासेक उड्डाणं सहज. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ मध्ये सगळी मिळून १३५ झाली, आणि एका वर्षात सगळ्यात जास्त म्हणजे १९८५ साली ९. त्याच वर्षी अटलांटिस नावाचं शटल एका उड्डाणानंतर ५४ दिवसांनी पुन्हा उडालं, पुढे शेवटपर्यंत कुठल्याच शटलला त्याहून लवकर जमलं नाही.

इतके दिवस जायचे कुठे, तर उष्णतेपासून वाचवणाऱ्या नुसत्या टाइल्सचंच बघा. एका शटलवर चोवीस हजारांच्या वर टाइल्स, बहुतेक प्रत्येकीचा आकार वेगळा आणि नंबर वेगळा, म्हणजे इथली काढून तिथे बसवता येत नाही. टाइल आतून जवळजवळ सगळी पोकळ, सिलिकाच्या तंतूंची, त्यामुळे पाणी पिते, म्हणून आत वॉटरप्रूफिंगचं रसायन. वातावरणात शिरताना जी उष्णता लागते त्यात ते रसायन जळून जातं. मग काय, दर उड्डाणानंतर टेक्निशियन लोकांनी एकेका टाइलच्या बारीक भोकात सुईने ते रसायन परत भरायचं. हजारो टाइल्स, हाताने, दर वेळी. शिवाय तडा गेलाय का, फट वाढलीय का, गोंद सुटलाय का ही तपासणी वेगळीच. हे काम करणारे लोक अत्यंत निष्णात होते, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण शटल त्यांच्या सोयीने बनवलंच नव्हतं.

कोरडी_विहीर

चांगला विषय. वाचतोय. पण एक सांगा, कितीही दुरुस्ती म्हटली तरी अख्खं नवीन बनवण्यापेक्षा तर स्वस्तच पडणार ना? समुद्रात फेकून देण्यापेक्षा अर्ध्या किमतीत दुरुस्त झालं तरी फायदाच की. गणित कुठे चुकतं?

वेगवेडा

@कोरडी_विहीर, हा प्रश्न सगळ्यांना पडतो म्हणून आकडेमोडच करू. आकडे सोपे धरतो, खऱ्या कुठल्या रॉकेटचे नाहीत, पण प्रमाण साधारण तसंच.

समजा पूर्ण उड्डाण १०० रुपयाचं. त्यात पहिला टप्पा ६०, आणि वरचा टप्पा, नाकावरचं फेअरिंग (उपग्रहाचं कवच), उड्डाणाचा खर्च मिळून ४०. फेकून द्यायचं रॉकेट २० टन वर नेतं, म्हणजे टनाला ५ रुपये. आता परत आणायचं म्हटलं की उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, पाय लागतात, जाळीदार पंखांसारखे ग्रिड फिन लागतात, म्हणून वजन नेण्याची ताकद घटते. धरा १४ टन. दर परतीनंतर डागडुजीला १० रुपये.

दोन उड्डाणं केली तर सरासरी ७५ रुपये, टनाला ५.३६, म्हणजे अजून तोट्यातच. तीन केली की ४.७६, आता फायदा सुरू. दहा केली की ३.९३. वीस केली की ३.७५. दहावरून वीसवर जाऊन फारसं काही हाताला लागलं नाही हे बघा, कारण आता उरलेला खर्च वरच्या टप्प्याचा आणि डागडुजीचा.

आता फक्त डागडुजी १० ऐवजी ३० करा, म्हणजे तुम्ही म्हणता तशी बरोब्बर अर्धी किंमत. दहा उड्डाणं केली तरी टनाला ५.२१. शंभर करा, हजार करा, ५ च्या खाली येतच नाही! अर्ध्या किमतीत दुरुस्त होणारं रॉकेट फेकून देण्याच्या रॉकेटला कधीच हरवू शकत नाही. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते आणि बातम्यांमध्ये ती कुठेच येत नाही.

याच मुद्द्यावर २०२० साली जाहीर वाद झालेला. युनायटेड लॉन्च अलायन्स या अमेरिकन रॉकेट कंपनीचे टोरी ब्रुनो म्हणत होते की ताफ्यातल्या रॉकेटांची सरासरी दहाएक उड्डाणं झाल्याशिवाय परवडत नाही. फाल्कन ९ बनवणाऱ्या स्पेसएक्सचे इलॉन मस्क म्हणाले दोन उड्डाणांत बरोबरी आणि तिसऱ्यात नक्की फायदा, कारण वजनातली घट ४० टक्क्यांच्या आत आणि परत आणून तयार करायचा खर्च १० टक्क्यांच्या आत. दोघांची सूत्रं साधारण सारखीच, डागडुजी किती धरायची तिथे फरक.

जुनाट_मास्तर

सुंदर मांडलंत. मात्र एक बाजू राहिली. टनाला भाव तेव्हाच खरा जेव्हा रॉकेट भरून जातं. उपग्रह ४ टनाचा असेल आणि रॉकेटची ताकद १४ असो की २०, गिऱ्हाईक पैसे देणार त्याच्या एका उपग्रहाचे. तिथे घट झालेले ६ टन कुणाच्या खिशातून गेले नाहीत. मग तुमच्या ३० रुपयेवाल्या उदाहरणातही दर उड्डाणाला १०० च्या जागी सत्तरच्या आसपास खर्च येतो, म्हणजे फायदा आहे. तेव्हा 'कधीच नाही' हे जरा सांभाळून.

वेगवेडा

मास्तर, हे अगदी मान्य, फक्त मग प्रश्न असा येतो की ४ टनाच्या उपग्रहासाठी आधीच लहान आणि स्वस्त फेकायचं रॉकेट का वापरू नये. त्या लहान रॉकेटशी तुलना केली की परत तिथेच येतो आपण.

जुनाट_मास्तर

लहान रॉकेट टनाच्या हिशोबाने नेहमीच महाग पडतं, आणि दोन प्रकारची रॉकेटं म्हणजे दोन कारखाने, दोन लॉन्च पॅड. माझं मत कायम आहे, पण चर्चा चालू राहू दे.

हँगरमधला

मी विमानांच्या लाइन मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे एलआरयू म्हणतात, म्हणजे जो डबा बिघडला तो जागेवर चार स्क्रू काढून बाहेर, दुसरा आत, टेस्ट बटण दाबलं, विमान सोडलं. बिघडलेला डबा मागे शॉपमध्ये निवांत दुरुस्त होतो. हे असं व्हावं म्हणून डिझाइन करणाऱ्याने तो डबा बाहेरून हात पोचेल अशा जागी ठेवलेला असतो. जिथे हा विचार झालेला नसतो तिथे एक बिघडलेला भाग काढायला तीन चांगले भाग आधी काढावे लागतात, आणि खरी मेख इथेच आहे, ते तीन चांगले भाग परत बसवले की त्यांचीही चाचणी परत करावी लागते, कारण तुम्ही कनेक्टर उघडलात. मी एका जुन्या विमानावर एका साध्या व्हॉल्व्हसाठी अख्खी रात्र अशीच घालवली आहे, व्हॉल्व्ह वीस मिनिटांचा, बाकी रात्र वाटेतल्या पाइपांची आणि नंतर त्यांच्या लीक टेस्टची.

शटलमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर होतं. चॅलेंजर शटलच्या अपघातानंतरच्या काळात तिन्ही मुख्य इंजिनं दर उड्डाणानंतर उतरवून इंजिन शॉपला न्यायचे. एसटीची गाडी दर फेरीनंतर डेपोत आणून इंजिन खाली उतरवलं तर तिकीट कितीचं होईल, विचार करा. शिवाय दिशा बदलायच्या लहान इंजिनांत मोनोमिथाइल हायड्रॅझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड, दोन्ही जहाल विषारी. त्या पाइपांवर काम सुरू झालं की बाकी सगळ्यांनी हँगर सोडायचं आणि दोनचार लोकांनी स्वतःची हवा असलेले बंद सूट घालून आत जायचं. म्हणजे एका इंधनाच्या निवडीमुळे बाकीची कामं समांतर करताच येत नाहीत. आमच्या क्षेत्रात वेळ वाचतो तोच समांतर कामामुळे.

ऑर्लँडोकर

हँगरमधला दादा, फार छान लिहिलंत. मी फ्लोरिडात राहते, पोर्ट कॅनव्हरलला फाल्कन ९ चे बूस्टर, म्हणजे पहिले टप्पे, परत येतात ते किनाऱ्यावरून सरळ दिसतात, आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून न्यायला बघते. तुम्ही म्हणता तो फरक तिथे डोळ्यांनी दिसतो.

बार्ज (बूस्टर समुद्रात ज्यावर उतरतो ते सपाट जहाज) येतं त्यावर बूस्टर उभा, बुडाशी एक सपाट रोबो त्याला घट्ट धरून असतो. पूर्वी माणसं डेकवर चढून पाय साखळ्यांनी बांधायची, भर समुद्रात, आता तो रोबो खालून सरकत येऊन पकडतो. धक्क्याला लागलं की क्रेन वरून टोपी बसवते, बूस्टर उचलून एका स्टँडवर ठेवते. मग चारही पाय एकेक करून वर ओढून तिथल्या तिथे दुमडून टाकतात. आधी हेच पाय काढून टाकायचे आणि परत जोडायचे, त्यात दिवस जायचे. पाय दुमडले की आडवा करून ट्रेलरवर, आणि रस्त्याने निघाला. आणि तो काळाकुट्ट असतो हो काजळीने! धुवून पांढराशुभ्र करायच्या भानगडीत पडत नाहीत, जिथे तपासायचंय तेवढंच पुसतात.

मुलांना मी नेहमी सांगते, २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री पहिल्यांदा तो जमिनीवर उभा उतरला तेव्हाचा आवाज इथल्या लोकांना अजून आठवतो. मार्च २०१७ ला पहिल्यांदा वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला, आणि मार्च २०२५ मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांत परत गेला वर. काही बूस्टरनी तर तिसाच्या वर उड्डाणं केली आहेत.

वेगवेडा

@ऑर्लँडोकर ताई, खूप आभार, असं डोळ्याने बघितलेलं कुणी लिहिलं की धाग्याला अर्थ येतो.

दुमडणाऱ्या पायांची गोष्ट ब्लॉक ५ ची, म्हणजे फाल्कन ९ च्या सुधारित आवृत्तीची. २०१८ च्या मे मध्ये ते आलं. ॲल्युमिनियमचे ग्रिड फिन आधी परतताना जळायचे, म्हणजे दर वेळी बघा, बदला. त्याजागी टायटॅनियमचे ओतीव केले, महाग आणि जड, पण हात लावावा लागत नाही. वजनाच्या बाबतीत रॉकेटवाले ग्रॅमग्रॅमचा हिशोब करतात, तिथे जाणूनबुजून जड भाग स्वीकारला कारण जमिनीवरचे तास वाचतात. याला म्हणतात ऑपरेशन्ससाठी डिझाइन करणं.

आणखी एक, रॉकेटचा व्यास ३.७ मीटरच का, तर अमेरिकेच्या रस्त्यावरून ट्रेलरने नेता यावं म्हणून. आणि पहिल्या टप्प्यात ९ मर्लिन इंजिनं, वरच्या टप्प्यात त्याच मर्लिनचं निर्वातासाठी केलेलं रूप, म्हणजे कारखाना एक, सुटे भाग बरेचसे एक, माणसांचा हात एकाच इंजिनावर बसलेला.

शटलचे दोन घन इंधनाचे बूस्टर सुद्धा परत आणायचेच की. पॅराशूटने समुद्रात पडायचे, दोन जहाजं जायची, पाणबुडे नॉझलमध्ये बूच घालायचे, हवा भरून आत शिरलेलं पाणी बाहेर काढायचे म्हणजे तो नळा आडवा तरंगेल, मग ओढत बंदरात, खारं पाणी धुवायचं, तुकडे सुटे करायचे, आणि रेल्वेने पार युटाला न्यायचे इंधन भरायला. परत वापरले असं म्हणायला वापरले, पण त्यातून बचत नावालाच.

नांदेडी

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक बेसिक शंका. आपलं पीएसएलव्ही इतकं भरवशाचं रॉकेट म्हणून नावाजलेलं, त्यालाच पाय लावून उतरवता येणार नाही का? नवीन रॉकेटला ८ हजार कोटी कशाला?

वेगवेडा

@नांदेडी, बेसिक नाही, नेमका प्रश्न आहे. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा, जवळपास १३८ टन. पेटला की संपेपर्यंत जळणार, बंद करता येत नाही, परत पेटवता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. उभं उतरायला या तिन्ही गोष्टी लागतात.

एलव्हीएम३ मध्ये, म्हणजे इस्रोच्या सध्याच्या मोठ्या रॉकेटमध्ये, मधला द्रव टप्पा आहे, दोन विकास इंजिनांचा. त्यात अडचण वेगळी. उतरताना टाक्या रिकाम्या, वजन अगदी थोडं, आणि एकेक विकास साधारण ८० टनाचा रेटा देतं. म्हणजे एकच चालू ठेवलं तरी रॉकेट खाली यायच्या ऐवजी वर जायला बघणार. फाल्कनचंसुद्धा खरं तर असंच आहे, रिकामा टप्पा २५ टनाच्या आसपास आणि एक मर्लिन कमीत कमी ठेवलं तरी रेटा त्याहून जास्त, त्यामुळे ते हवेत तरंगून जागा शोधू शकत नाही, बरोब्बर डेकला टेकताना वेग शून्य व्हावा लागतो. पण नऊपैकी एक पेटवल्यामुळे निदान ते जमण्याच्या टप्प्यात येतं. म्हणून परत वापरायच्या रॉकेटला लहान इंजिनांचा गुच्छ हवा. विकासवर इस्रोने प्रयोग केलेत, २०२३ मध्ये रेटा कमी करून चालवायची चाचणी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये महेंद्रगिरीला बंद करून पुन्हा सुरू करायची. पण त्याचं इंधन तेच विषारी जातीचं, हँगरमधला यांनी वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी आल्याच.

एनजीएलव्हीला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ८२४० कोटी, आठ वर्षं, तीन चाचणी उड्डाणं त्यातच धरलेली. खालच्या कक्षेत ३० टन. सरकारी निवेदनात म्हटलंय की एलव्हीएम३ च्या तिप्पट वजन दीडपट खर्चात. पहिला टप्पा परत वापरायचा आणि इंधन मिथेन आणि द्रव ऑक्सिजन. मला या सगळ्यात मिथेन जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण केरोसिन जळताना काजळी धरतं, इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांत थर बसतो, मिथेनमध्ये हे जवळजवळ नाहीच. म्हणजे दोन उड्डाणांमध्ये उघडून साफ करायचं कारण कमी.

कोरडी_विहीर

मग ते पुष्पक कशासाठी? पंखवालं, चित्रदुर्गला हेलिकॉप्टरमधून सोडलेलं?

वेगवेडा

तो वेगळा धागा आहे म्हणजे वेगळ्या कामाचा. २३ मे २०१६ ला श्रीहरिकोट्याहून आरएलव्ही (पुष्पक ज्या मालिकेतलं, ते पंखवालं चाचणी यान) ६५ किलोमीटरपर्यंत नेऊन बंगालच्या उपसागरावर उतरवलं, मग एप्रिल २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४ मध्ये चिनूकमधून साडेचार किलोमीटरवरून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवलं. तिसऱ्या वेळी वाटेपासून ५०० मीटर बाजूला सोडलेलं, तरी स्वतः वळून मध्यरेषेवर आलं, आणि टेकतानाचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर, प्रवासी विमानाचा २६० च्या आसपास असतो. दुसऱ्या चाचणीतलंच अंग, त्याच यंत्रणा काहीही न बदलता तिसऱ्यात वापरल्या, हे मला फार भावलं. हे पंखांचं तंत्र कक्षेतून परत येणाऱ्या यानासाठी. पहिल्या टप्प्याला पंख लावायचे तर चढताना ते नुसतं ओझं, त्यापेक्षा थोडं इंधन राखून उभं उतरणं बरं पडतं.

जुनाट_मास्तर

आता माझी खरी काळजी सांगतो. भारताची २०२४ मधली उड्डाणं ५. फाल्कनची त्याच वर्षी १३० च्या वर, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांची. एक बूस्टर दहा वेळा वापरायचा आणि वर्षाला पाच उड्डाणं, म्हणजे कारखान्याने दोन वर्षांत एक बूस्टर बनवायचा. उरलेला वेळ वेल्डरने काय करायचं? युरोपातल्या एरियान रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये हेच बोलून दाखवलं होतं, वर्षाला दहा उड्डाणांची हमी आणि एक रॉकेट दहा वेळा उडणारं, म्हणजे वर्षाला एकच रॉकेट बांधायचं, ते परवडणार नाही. लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण गणित त्यांचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे वालचंदनगरला घन इंधनाच्या रॉकेट मोटर्सची कवचं बनतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. या हातांना काम नसेल तर पाच वर्षांनी ते कसब परत कुठून आणणार?

वेगवेडा

मास्तर, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि मला वाटतं कुणीतरी दिल्लीत याच प्रश्नावर डोकं लावून बसायला हवं. पण एक वाट दिसते. वरचा टप्पा दर वेळी नवीन लागणारच आहे, त्यात खालच्याच जातीचं इंजिन असेल तर इंजिनाची लाइन थांबत नाही. फाल्कनमध्ये तेच झालं. आणि मागणी आधी की स्वस्ताई आधी, यात कुणाला तरी आधी उडी घ्यावी लागते, तिथे त्यांनी स्टारलिंक स्वतःच उभं केलं.

जुनाट_मास्तर

उडी घेणाऱ्याकडे पैसा हवा. असो, इंजिनाचा मुद्दा चांगला आहे, तो मान्य.

ऑर्लँडोकर

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून, स्टारलिंकचा एक फायदा फार कमी बोलला जातो. सगळ्यात जास्त वापरलेला बूस्टर गिऱ्हाइकाच्या महागड्या उपग्रहासाठी लावत नाहीत, आधी स्वतःच्या स्टारलिंकवर उडवतात. गेला तर आपलेच गेले. त्यातून कुठला भाग किती उड्डाणं टिकतो ते कळत जातं, आणि मग तपासण्या कमी करत नेतात.

हँगरमधला

ताई, हे लाखमोलाचं बोललात. विमानांत अगदी हीच पद्धत, ज्या विमानाचे तास सगळ्यात जास्त त्याच्यावर नजर, त्यात जे सापडेल त्यावरून बाकी ताफ्याचं वेळापत्रक. तपासणी कमी करायला पुरावा लागतो आणि पुरावा उडवल्याशिवाय मिळत नाही. वर्षाला पाच उड्डाणांत हा पुरावा जमायला फार वर्षं लागतील, मला मास्तरांच्या आकड्यांची भीती याच्यासाठी जास्त वाटते.

नांदेडी

सगळ्यांचे आभार, कॉलेजमध्ये हे असं कुणी शिकवत नाही. मला यातच काम करायचंय, पण सगळे म्हणतात प्रोपल्शन घे नाहीतर कंट्रोल घे. तुम्ही लोक वर जे म्हणताय, तपासणी, डागडुजी, त्यासाठी काय शिकायचं?

हँगरमधला

@नांदेडी, बाळा, एनडीटी शीक, म्हणजे भाग न तोडता आतला दोष शोधणं. अल्ट्रासॉनिक, एडी करंट, डाय पेनिट्रंट, लेव्हल दोनपर्यंतचे कोर्स पुण्या-मुंबईत होतात. बोअरस्कोप (बारीक भोकातून आत बघायची नळी) हातात घेऊन टर्बाइनच्या पात्याचा तडा ओळखायला शीक, पहिल्यांदा सगळंच तड्यासारखं दिसतं, शेदोनशे पाती बघितल्यावर नजर बसते. जोडीला फटीग आणि फ्रॅक्चर मेकॅनिक्स नीट कर, म्हणजे तडा सापडल्यावर अजून किती उड्डाणं चालेल हे सांगता येईल. तेवढं सांगणारा माणूस हँगरमध्ये नसला की भाग सरळ बदलला जातो. व्यनि (खाजगी निरोप) कर, अभ्यासाची पुस्तकं सांगतो.